तापलेल्या तारेचं आयुष्य

दिवाळी मागे पडली की घाटावर थंडी उतरते. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं; इथली हवा खालच्या मैदानापेक्षा नेहमीच गार. पहाटे नळाखाली हात धरवत नाही. त्या दिवसांत माळ्यावरून, कपाटाच्या वरच्या फळीवरून, नाहीतर धान्याच्या कोठीमागून घरोघर एक वस्तू खाली येते. पाणी तापवायचा रॉड. काळी मूठ, बादलीच्या काठावर अडकवायचा आकडा आणि खाली वेटोळं घातलेली चकचकीत नळी. चकचकीत म्हणायचं ते दुकानातून आणलेल्या दिवसापुरतं. एक हिवाळा काढला की त्या नळीवर पांढरट, खरखरीत कवच चढतं. दुसऱ्या हिवाळ्यात ते जाड होतं. मग एखाद्या पहाटे बटण दाबून कितीही वेळ झाला तरी पाणी थंडच. घरात कुणीतरी म्हणतं, ‘कॉइल उडाली.’

एवढ्यावर विषय संपतो. जुना रॉड भंगारात जातो, बाजाराच्या दिवशी नवा येतो. नोकरदाराला त्याचं काही वाटत नाही. पण शेतात निंदायला जाणाऱ्या बाईच्या घरी नवा रॉड म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी. तिच्या घरी तो तीन हिवाळ्यांऐवजी पाच हिवाळे टिकला तर ती बचत खरीच आहे. म्हणून कॉइल का उडते आणि ती जास्त दिवस कशी जगवायची, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. आणि आमच्या जिल्ह्यात तर तो विजेचा प्रश्न राहतच नाही. बघता बघता तो पाण्याचा होतो.

आधी आतली गोष्ट. रॉडच्या नळीत केसांसारखी बारीक वळणं दिलेली एक तार असते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी गच्च ठासलेली असते. ही भुकटी मोठी गुणी. ती उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. तार तिच्यामुळे नळीला टेकत नाही आणि आपण जिवंत राहतो. तार असते नायक्रोमची, म्हणजे ढोबळमानानं ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला १९०६ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. त्याआधी हवेत लालभडक तापून टिकेल अशी स्वस्त तार नव्हती. लोखंडाची तार तापली की गंजून तुटायची, प्लॅटिनम सामान्यांच्या आवाक्याबाहेर. नायक्रोम तापला की त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ, घट्ट साय धरते आणि ती साय आतल्या धातूला हवेपासून सांभाळते. टोस्टर, इस्त्री, शेगडी, गिझर, सगळ्यांचा संसार त्या सायीवर उभा आहे.

या तारेला तापण्याचं भय नाही, ती तापण्यासाठीच जन्मली आहे. तिला भय आहे ते उष्णता अडकून राहण्याचं. ती सेकंदासेकंदाला उष्णता तयार करते आणि ती घेऊन जाणारं कुणीतरी शेजारी असावं लागतं. रॉडमध्ये ते काम पाणी करतं. पाण्याचा आणि नळीचा स्पर्श चांगला असेल तर तार आपल्या सोसण्याच्या मर्यादेत राहते. मध्ये काही आलं की तिची घुसमट सुरू होते.

मध्ये येतो तो हा पांढरा थर. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा पदार्थ, नळीवर बसतो. नळी सगळ्यात गरम असते, म्हणून तो आधी तिथेच बसतो. तांब्यातून उष्णता ज्या सहजतेनं वाहते त्याच्या शेकडो पट कमी सहजतेनं ती या थरातून वाहते. एक ढोबळ हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दीड हजार वॅटचा रॉड घ्या. त्याच्या वेटोळ्याचा पाण्यात बुडणारा पृष्ठभाग साधारण दीडशे चौरस सेंटीमीटर धरा. त्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर तेवढीच उष्णता पलीकडे ढकलण्यासाठी नळीला आधीपेक्षा सुमारे १०० अंश सेल्सिअस जास्त तापावं लागतं. दोन मिलिमीटरला २००. आतली तार त्याहून वर. घरात मात्र कुणाला काही कळत नाही, कारण बादलीतलं पाणी पूर्वीसारखंच तापत असतं.

यावरून एक गैरसमज दूर करायला हवा. ‘रॉडवर क्षार जमले की बिल वाढतं’ असं सर्रास म्हणतात. बादलीत बुडणाऱ्या रॉडपुरतं ते फारसं खरं नाही. तारेनं केलेली उष्णता शेवटी पाण्यातच जाते, तिला दुसरी वाट नाही. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दीड हजार वॅटच्या रॉडला त्यासाठी चोवीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, मग थर असो वा नसो. थराची किंमत विजेच्या मीटरवर दिसत नाही. ती तार आपल्या आयुष्यातून चुकवते.

आता आमचा जिल्हा. बुलडाण्यात कुणालाही गाव विचारलं की मागोमाग प्रश्न येतो, घाटावरचं की घाटाखालचं? चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. बोलीत फरक, पिकांत फरक, उन्हाळ्यात फरक. पाण्यातही फरक, आणि रॉडच्या मरणातही.

घाटावर खाली काळा पाषाण, बसाल्ट. त्याच्या भेगांतून मुरत गेलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बोअरला येतं. चवीला वाईट नसतं, पण जड असतं. साबण फेस धरत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण तो कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतो. आमच्या चिखलीकडच्या घरात पूर्वी तांब्याचा बंब होता. दरवर्षी तो चिंच लावून बाहेरून लखलखीत व्हायचा. आत मात्र धुराड्याच्या नळीवर दगडासारखी खपली धरलेली असायची. आजी त्यावर बोटाच्या पेराने टकटक करून सांगायची, बंब आता बहिरा झाला. बंब बहिरा झाला म्हणजे लाकडं जास्त खाणार. बंबाच्या बाबतीत ते तंतोतंत खरं होतं, कारण तिथं न शोषलेली उष्णता धुराड्यातून निघून जायची.

माझ्या ताईला घाटाखाली दिलं, नांदुरा तालुक्यात. राजूर घाट उतरून गेलं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल, सपाट जमीन लागते. पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेहीजवळ उगम पावते, अमरावती आणि अकोला ओलांडून आमच्या जिल्ह्यातून पश्चिमेला जाते आणि चांगदेवाजवळ तापीला मिळते. तिनं आणलेल्या गाळाचे थर इथं फार खोलवर आहेत, चिकण आहेत, निचरा कमी. त्या गाळात मीठ साठून राहिलं आहे. हाच खारपाणपट्टा: अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावं. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही देववत नाही. वर कपाशी, मूग, तूर उत्तम; खाली भरपूर पाणी; आणि दोघांची गाठ नाही.

ताईकडे रॉड वेगळ्या तऱ्हेनं मरतो. तिथं थर तुलनेनं मऊ, भुसभुशीत असतो, काही तर नुसत्या पाण्यानं धुतला जातो. पण त्याखाली नळीवर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. मिठातलं क्लोराइड धातूच्या संरक्षक पापुद्र्याला एखाद्या जागी भेदतं आणि तिथून आत पोखरत जातं. भोक आरपार गेलं की पाणी आतल्या भुकटीत शिरतं. मॅग्नेशियम ऑक्साइड ओल शोषून घेतं आणि ओलं झालं की वीज अडवण्याचा त्याचा गुण जातो. मग रॉड तापतो, पाणीही तापतं, पण बादलीत हात घातला की झिणझिण्या येतात. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. घाटावरचा रॉड जाताना फक्त थंड आंघोळ देऊन जातो. घाटाखालचा रॉड माणसाला घेऊन जाऊ शकतो.

हा फरक मला पुस्तकातून समजला नाही. ताईच्या गावाजवळच्या बाजारपेठेत एक मिस्त्री आहेत. पत्र्याच्या टपरीत मोटारींचं रिवाइंडिंग, मिक्सर, पंखे, इस्त्री, सगळं. त्यांच्यापुढे लाकडी फळीवर एक बल्ब आणि दोन उघडी टोकं असतात. याला ते सिरीज म्हणतात. रॉड आला की ते आधी दोन्ही टोकं पिनांना लावतात. बल्ब पेटला तर कॉइल अखंड आहे. मग एक टोक पिनेला आणि दुसरं नळीला. इथं बल्ब पेटायला नको. पण एवढ्यावर ते थांबत नाहीत. रॉड पाण्याच्या डब्यात काही वेळ बुडवून ठेवतात, बाहेर काढून पुन्हा तीच परीक्षा करतात. कोरड्यात पास झालेला रॉड भिजल्यावर कधी कधी मंद, तांबूस उजेड दाखवतो. बल्बाची तार जेमतेम अंगार धरते, इतकाच. ते पाहून त्यांनी ताईकडे मान वळवली. ‘ताई, ह्याले आता पाण्यात टाकू नोका.’ मी विचारलं, इतक्या लवकर कॉइल कशी जाते? ते म्हणाले, ‘भाऊ, कॉइलले करंट नाई मारत. पाणी मारते.’

इतका नेमका निदानाचा शब्द मी क्वचितच ऐकला आहे.

त्यांच्याच टपरीत शेगडीची कॉइल बसवताना पाहिली. चिनीमातीची पांढरी पाटी, तिच्यात नागमोडी चर. भाड्याच्या खोलीत राहून शिकणारी पोरं अजून या शेगड्या वापरतात, कारण गॅसची नोंदणी त्यांच्या नावावर नसते. नवी कॉइल बाजारातून येते ती घट्ट मिटलेली, वीतभर लांब. तिला चराच्या लांबीएवढी ताणायची असते. बहुतेकजण दोन टोकं धरून ओढतात आणि इथंच तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. कुठे वळणं विरळ होतात, कुठे दाट राहतात. दाट जागी शेजारची वळणं एकमेकांना तापवतात आणि तेवढा तुकडा बाकीच्या आधी लाल होतो. मिस्त्री आधी सुतळीनं चराची लांबी मोजतात. मग कॉइल थोडी थोडी ओढतात, सोडतात, बोटांच्या चिमटीत वळणं सरकवत नेतात आणि पुन्हा सुतळीला लावून बघतात. बसवल्यावर पहिल्यांदा बटण दाबून ते अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन तिच्याकडे पाहतात. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी लाल उजळली तरच गिऱ्हाइकाच्या हातात देतात. तुटलेल्या कॉइलची टोकं एकमेकांत अडकवून पुन्हा चालवायची सवय घरोघर आहे. त्यांना ती मुळीच पटत नाही. जोडावर स्पर्श कच्चा राहतो, तिथंच ठिणगी पडते आणि पुन्हा तिथंच तुटते. शेगडीवर दूध उतू गेलं तर लगेच पुसू नका, असंही ते सांगतात. बटण बंद, पिन बाहेर, पूर्ण थंड, मग मऊ ब्रश. साखर आणि दूध जळून तारेला चिकटलं की तेवढा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा तापू लागतो.

विजेचा दाब हाही एक शत्रू आहे, पण त्याचं गणित सोपं आहे. तारेची ताकद दाबाच्या वर्गानुसार वाढते. २३० व्होल्टला दोन हजार वॅट देणारी कॉइल २५० व्होल्टला सुमारे २,३६० वॅट देते. गावात शेतीपंप बंद झाले की दाब चढतो, सुरू झाले की बल्ब दिव्यासारखे मंदावतात. कमी दाबानं कॉइल मरत नाही, नुसती आळसावते. चढलेल्या दाबानं मरते. पंप बंद असलेल्या वेळी शेगडी तासन् तास चालवू नये, एवढंच.

याच जातीच्या तारेचा आणखी एक उपयोग जगभर झाला, त्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ई-सिगारेटमध्ये अशीच इवलीशी कॉइल असते, नायक्रोमची किंवा कॅन्थल नावाच्या लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तिच्यात कापसाची वात आणि वातीत गोड, सुगंधी द्रव. परदेशात ती ओढणारी माणसं कॉइल जास्त दिवस कशी टिकेल याचा बारकाईनं विचार करतात. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशानं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, साठवण आणि जाहिरात बंद आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी मला मनापासून मान्य आहे. निकोटीन ते निकोटीनच, ते फळांच्या वासातून दिलं की शाळकरी पोरांपर्यंत जास्त सहज पोचतं. पण तिथली कॉइल ज्या कारणानं जळते ते कारण मात्र आपल्या ओळखीचं आहे. द्रवातला गोडवा आणणारा पदार्थ तारेवर काळा पडून कवच धरतो, आणि वात पुरती भिजण्याआधी तार तापवली की कापूसच जळतो. म्हणून ते लोक नवी वात भिजू देतात, थांबतात, कमी ताकदीवर सुरुवात करतात.

खामगावच्या कापसावर वाढलेल्या मुलखाला हे कुणी शिकवायला नको. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेची शाखा टाकली गेली ती इथला कापूस मुंबईला न्यायलाच. आणि त्याच कापसाच्या वाती आमच्या आया-आज्या सकाळी वळून तेलात बुडवून ठेवायच्या, दिवेलागणीला लावायच्या. कोरडी वात पेटवली तर ती स्वतःच जळते. भिजलेली वात तेल जाळते आणि आपण उरते. कॉइलचं सगळं शास्त्र या निरांजनात आहे.

तर मग रॉड जगवायचा कसा? पहिली गोष्ट पाण्याच्या ऊनपणाची. आपल्याकडे पाणी कढत करायचं आणि मग विसण घालून कोमट करायचं, अशी रीत. चुलीवरच्या हंड्याला ती शोभत होती. रॉडला ती मारक आहे. पाणी ६० अंशांच्या वर जाऊ लागलं की क्षार जास्त झपाट्यानं सुटतात. पूर्ण बादली आंघोळीपुरतीच ऊन करा आणि थांबा. गिझरला तर खुंटीच असते, ती ५५-६० च्या मध्ये ठेवावी. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. जड किंवा खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते आणि ती संपल्याचं घरात कुणाला कळत नाही. वर्षा-दीड वर्षानं मिस्त्रीला ती उघडून पाहायला सांगावं.

दुसरी गोष्ट, बटण बंद केल्याबरोबर रॉड उचलू नये. पिन काढून मिनिटभर पाण्यातच राहू द्यावा. हवेत उचललेल्या तापल्या नळीची उष्णता न्यायला कुणी नसतं आणि अंगावरचं पाणी जागच्या जागी आटून त्यातला सगळा क्षार नळीवर सोडतं. थंड झाल्यावर बाहेर काढा, चांगल्या पाण्यानं विसळा, फडक्यानं कोरडा करा, टांगून ठेवा. हे रोज केलं तर थर कोवळा असतानाच निघतो. कोवळा थर नखानं निघतो, जुना थर छिन्नीलाही ऐकत नाही.

आणि छिन्नी, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर यांना हात लावूच नये. तांब्याच्या नळीवर निकेलचा पातळ मुलामा असतो. एक ओरखडा पडला की घाटाखालच्या पाण्याला तेवढंच दार पुरतं. संडास धुवायचं ॲसिडही नको, ते क्षाराबरोबर धातूही खातं. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, भाजीसरबतात घालतात तेच. कोमट लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे. भांडं प्लास्टिकचं घ्यावं. पिन बोर्डापासून लांब, मूठ आणि जोड कोरडे, फक्त वेटोळं बुडलेलं. काही क्षणांत नळीवरून बारीक बुडबुड्यांची रांग वर येऊ लागते. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे खडू विरघळतो आहे. पाणी दुधी होतं, तळाशी रवाळ गाळ बसतो. ताईच्या अंगणात उकिडवं बसून मी हे पुष्कळ वेळ बघितलं आहे. थर आधी भेगाळतो, मग वेटोळ्याच्या आतल्या बाजूनं पापुद्रे सुटतात आणि हळूच खाली बसतात; त्यामागे धातूची जुनी चमक दिसू लागते. घाई करून पाणी उकळायचं नाही, गरम पाण्यात उलट कॅल्शियम सायट्रेट खाली बसतं आणि काम अडतं. बुडबुडे थांबले तरी पांढरं उरलं तर ते बहुधा सल्फेट, ते आम्लाला दाद देत नाही. त्याला नवं पाणी, दातांचा जुना ब्रश आणि सबूर.

याहून सोपा उपाय आभाळातून येतो. पावसाच्या पाण्यात हा कॅल्शियम जवळजवळ नसतो. घाटाखाली शेततळ्यांत पावसाचं पाणी साठवून कपाशीला, हरभऱ्याला देतात, तसं पत्र्यावरचं पाणी पिंपात धरून अंघोळीपुरतं वापरणारी घरं आहेत. त्यांचे रॉड मी नव्यासारखे पाहिले आहेत. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ज्या गावांना सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचं नळाचं पाणी पोचलं, तिथंही हाच अनुभव. गंमत अशी की पाणी मऊ करणारा पदार्थही याच जिल्ह्यात निसर्गानं ठेवला आहे. लोणारच्या सरोवरातून पूर्वी सोड्याचे क्षार काढत. धुण्याचा सोडा पाण्यातला कॅल्शियम खाली बसवतो. डाळ शिजावी म्हणून घाटावरच्या बायका चिमूटभर टाकतात तो खाण्याचा सोडा त्याच जातीचा.

पण इथं येऊन मन अडतं. रॉडच्या नळीवर जे बसतं ते त्याच पाण्यातून येतं जे माणसं पितात. भारतीय मानक ब्यूरोनं पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम सांगितली आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. एकूण विरघळलेल्या क्षारांची ५०० आणि नाइलाजानं २,०००. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक विहिरी ही शेवटची रेषाही पाळत नाहीत. या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल गावकरी वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. त्यामागे कारणं अनेक असतील, ती शोधणं डॉक्टरांचं आणि शासनाचं काम. पण ज्या गावात प्रत्येक घरचा रॉड दोन हिवाळ्यांत पोखरला जातो, त्या गावाला पाण्याबद्दल आणखी कसला पुरावा द्यायचा? शहाण्या माणसानं तिथल्या भंगाराच्या ढिगाकडे बघावं. आता जिथं ऐपत आहे तिथं थंड पाण्याचे जार येतात, पिण्यापुरते. ज्यांची ऐपत नाही ते विहिरीचंच पितात आणि तेच स्वयंपाकाला, तेच अंगावर.

शेगावच्या गजानन महाराजांची एक कथा या मुलखात लहान मूलही जाणतं. अकोटजवळच्या अकोली शिवारात तहानलेल्या महाराजांना भास्कर नावाच्या शेतकऱ्यानं पाणी नाकारलं, कारण त्याला ते लांबून डोक्यावर वाहून आणावं लागायचं. आणि मग महाराजांनी जवळच्या कोरड्या विहिरीला पाणी आणलं. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’मध्ये ती आली आहे. भक्त तिच्यात चमत्कार पाहतात. मला त्यात भास्करची घागरही दिसते. गोडं पाणी दुसऱ्याला द्यायला माणूस का कचरतो, हे खारपाणपट्ट्याबाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही.

ताई आता रॉडची निगा राखते. रविवारी लिंबूसताचं पाणी, रोजचं फडकं, पाण्यात बोट घालण्याआधी पिन काढायची. घरात गळती झाली की वीज तोडणारं यंत्र, ज्याला मिस्त्री आरसीसीबी म्हणतात, तेही बसवून घेतलं. तरीही तिथला रॉड घाटावरच्या इतका जगणार नाही, हे तिला माहीत आहे. निगेनं घुसमट टळते. पोखरलेली नळी बुजत नाही. म्हणून प्रत्येक हिवाळ्याच्या सुरुवातीला ती रॉड मिस्त्रींकडे नेऊन भिजवून तपासून घेते. आणि ज्या वर्षी तो बल्ब तांबूस उजेड धरतो, त्या वर्षी मिस्त्री आधी रॉडची वायर मुठीजवळ कापतात, पिन काढून घेतात आणि मगच तो भंगारात टाकतात. धड दिसणारा रॉड भंगारवाल्याच्या गाडीवरून दुसऱ्या कुणाच्या बादलीत जाऊ नये म्हणून.